निळ्यात जीव नाही

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली डॉक्टर म्हणते. हे डॉक्टर नाहीत. चष्म्याच्या दुकानात बसून लोकांचे नंबर काढतात, काचा घासून बसवतात, वाकलेल्या दांड्या सरळ करतात. पण कोणी "डॉक्टर" अशी हाक मारली, तर ती चूक दुरुस्त करण्याची तसदी त्यांनी आजवर घेतलेली नाही. उलट त्या दिवशी फोनवर बोलतानाचा आवाजसुद्धा जरा जड होतो.

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक पडदा. पुढच्या काउंटरवर मी बसते. लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या आणि प्रत्येकाला "शोभतेय हं" म्हणायचं, हे माझं काम. ते मी खोटं न वाटता करू शकते, कारण तेवढी वर्षं मी संसार केला आहे.

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत ह्यांचं राज्य. खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट, जिच्यात हे एकेक काच सरकवतात. "हे बरं की हे?" बस, दोनच. तिसरं कधी विचारायचं नाही. जे हरलं ते बाद, जे जिंकलं त्याच्यासमोर नवं. ही पद्धत नंबर काढायला उत्तम आहे. घर चालवायला तितकी नाही. पडद्यांचं कापड, बाथरूमच्या फरशा, दाराचा कडीकोयंडा, सगळं आमच्याकडे याच पद्धतीने आलं आहे, आणि निकाल नेहमी ह्यांचाच. लग्न ठरताना माझ्यासमोर कोण होती, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं तर खरं सांगतील अशी भीती आहे.

ह्यांचं दुसरं हत्यार म्हणजे "सवय होईल". नवा चष्मा लावून माणूस दुकानाबाहेर पाऊल टाकतो आणि लगेच परत येतो. जमीन तिरकी दिसते म्हणतो, पायरी वर आल्यासारखी वाटते म्हणतो. हे मान वर न करता सांगतात, "दोन-चार दिवस डोकं जड होईल, मग सवय होईल." आणि लोकांना सवय होतेसुद्धा. दुकानामागच्या या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा आले, तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं. झाली.

आम्हाला एकच मुलगी. तिला घरात चिऊ म्हणतात, आणि चोवीस वर्षांची घोडी झाली तरी ती ओ देते. चिऊ आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून लोकांचे व्हिडिओ कापते आणि जोडते. बेकरीवाल्याचे केक, व्यायामशाळेतल्या मास्तरांच्या दंडाच्या बेटकुळ्या, घरं विकणाऱ्या एजंटाचे रिकामे दिवाणखाने. कामात जीव ओतणारी मुलगी. बेकरीवाल्याच्या केकवरून सुरी अशी फिरते की माझ्यासारखीच्या तोंडाला पाणी सुटावं, आणि त्या बेकरीचा केक कसा असतो ते मला माहीत आहे.

पण तिचं मन केकमध्ये नव्हतं. खऱ्या माणसांवर खऱ्या फिल्म करणारा एक स्टुडिओ होता. तिथल्या मुख्य बाई, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्यांच्याकडे काम करायचं हे तिने कॉलेजात असल्यापासून ठरवलं होतं. आणि एक दिवस त्यांचाच निरोप आला. साठी उलटलेल्या बायका पोहायला शिकतात, त्यांचं चित्रीकरण झालेलं होतं. ते सगळं चिऊला दिलं. यातून छोटी फिल्म करून दाखव, पसंत पडली तर कायमची नोकरी. तेच चित्रीकरण आणखी एका मुलालाही दिलं होतं. दोघांतून एक.

चिऊ आनंदाने स्वयंपाकघरात नाचली, मग आत जाऊन तिने ते चित्रीकरण जुन्या लॅपटॉपवर उघडलं. उघडलं म्हणजे, उघडायला घेतलं. त्या लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. एक तुकडा दुसऱ्याला जोडायचा म्हटलं की तेवढ्यात चहा करावा, प्यावा, कप विसळून ठेवावा आणि परत येऊन बघावं, तर पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे. या वेळी चक्र फिरता फिरता थांबलं आणि पडदा काळा झाला. झालं, राम म्हटला.

"नवा घ्यावाच लागेल," चिऊ जेवताना म्हणाली. "कुठला घ्यायचा तेही मला माहीत आहे. वर्षभर बघून ठेवलाय. पैसे माझे साठलेत. रॅम भरपूर, ग्राफिक कार्ड चांगलं. एडिटिंग होईल आणि गेमसुद्धा चालतील."

"गेम?" ह्यांनी घास तोंडाशीच थांबवला. "म्हणजे गोळ्या झाडायच्या?"

"दोन्हीला तसलंच मशीन लागतं, बाबा. आणि रविवारी एक तास खेळते मी, मैत्रिणींबरोबर."

मला स्वतःला तो एक तास आवडतो. इतर वेळी ती हेडफोन लावून मुकी बसलेली असते. रविवारी आतून "अगं मागे बघ, मागे बघ, मेलीस!" असं ओरडणं आणि खिदळणं ऐकू येतं. घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

"ते रॅम-बिम तू बघ," हे म्हणाले. "पण स्क्रीन मी बघणार. स्क्रीन हा डोळ्यांचा विषय आहे, आणि डोळ्यांचा विषय माझा आहे. उगाच डोळे फुटके करून घेशील."

चिऊने मान डोलावली. इथेच सगळं घोडं पेंड खाणार, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण तिची मान डोलावणं लटकं नव्हतं. लहानपणापासून तिने बापाच्या डोळ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला आहे. शाळेत निबंध लिहिला होता तिने, माझे बाबा सगळ्या गावाला दिसायला लावतात म्हणून. तो काउंटरच्या काचेखाली बरीच वर्षं होता.

मग रविवार आला आणि आमची वरात लॅपटॉपच्या दुकानात पोहोचली. टाय घातलेला विक्रेता पुढे आला. त्याने चिऊने सांगितलेला लॅपटॉप काढला, तोंडपाठ माहिती सुरू केली. प्रोसेसर, कोअर, थंड ठेवायचे पंखे. हे एक हात वर करून थांबा म्हणाले, अगदी वाहतूक पोलिसासारखे. खिशातून काचा पुसायचं मऊ फडकं काढलं, स्क्रीन पुसली. एक डोळा तळहाताने झाकला, पाहिलं. दुसरा झाकला, पाहिलं.

"निळं काहीतरी लावा."

विक्रेत्याने आकाशाचं चित्र लावलं.

"अजून निळं."

समुद्राचं लावलं.

"निळ्यात जीव नाही," ह्यांनी निकाल दिला.

"सर, हा सगळ्यात भारी पॅनल आहे. मोठमोठे लोक हाच घेतात."

"भारी असेल. मेलेला आहे."

"बाबा, मला तर छान दिसतोय," चिऊ म्हणाली.

"तुझे डोळे त्या जुन्या डबड्यावर वाढलेत. तुला काय कळणार?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मलाही निळाच दिसतोय, चांगला ठसठशीत. त्यावर हे म्हणाले, "तू फ्रेम बघ." विक्रेता गालातल्या गालात हसला. मीही मनातल्या मनात त्याच्या टायला नावं ठेवली.

त्या दिवशी दुकानातले सगळे लॅपटॉप एकमेकांसमोर उभे राहिले आणि पडले. हे बरं की हे, हे की हे. शेवटी जिंकलेल्यालाही हे म्हणाले, "हरलेल्यांत पहिला आला, म्हणून काय घ्यायचा?" दुसऱ्या दुकानात तेच. तिथल्या विक्रेत्याने बिचाऱ्याने समुद्रातल्या लढाईची गेम लावून दाखवली, जहाजं बुडवली, तरी ह्यांच्या निळ्याला काही धुगधुगी येईना. इकडे चिऊच्या फिल्मची मुदत सरत चालली होती. ती मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या मशीनवर थोडं थोडं कापून येत होती, आणि आल्यावर बापाला विचारत होती, "आज बघायचा का?" मला तिची कीव यायची आणि ह्यांचा इतका राग यायचा की पोळ्या लाटताना पोळपाट हलायचा.

एकदाचा मिळाला. तिसऱ्या दुकानात, अगदी शेवटी. वजन असं की लॅपटॉप म्हणून मांडीवर घेतला तर मांडी दुसरी आणावी लागेल. कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे फिरत होते, झाकणावर कसल्यातरी राक्षसाचं तोंड. मशीन म्हणून उत्तमच होता, चिऊने सगळं तपासून घेतलं. पण ह्यांनी तो निवडला तो एकाच कारणाने. त्याच्या सेटिंगमध्ये निळा हवा तेवढा वाढवता येत होता. विक्रेता त्या वेळेपर्यंत इतका दमला होता की ह्यांनी त्याला झाकणावरच्या राक्षसाचा नंबर काढू का विचारलं असतं, तरी तो "हो सर" म्हणाला असता.

घरी आल्यावर तो लॅपटॉप आधी आतल्या खोलीत गेलाच नाही. तपासणीच्या खोलीत गेला. हे स्वतः स्क्रीनसमोर बसले, निळा वाढवत, पिवळा काढत, "हे बरं की हे?" असं स्वतःलाच विचारत आणि स्वतःच उत्तर देत. एवढं एकमत मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने हाक मारली, "चिऊ, बघ आता! याला म्हणतात स्क्रीन."

चिऊने पाहिलं. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. पांढरा कागद दाखवायचं ते पान नीळ जास्त झालेल्या चादरीसारखं दिसत होतं.

"बाबा, खूपच निळं झालंय. पांढरंसुद्धा निळं दिसतंय."

"तुझ्या डोळ्यांना जुन्याची सवय आहे. दोन-चार दिवस वाटेल तसं, मग सवय होईल. आणि याला हात लावायचा नाही. मी डोळ्यांनी लावलंय."

चिऊने माझ्याकडे पाहिलं. पण घरात डोळ्यांचा डॉक्टर असताना आपल्या डोळ्यांना कोण विचारतो? तिने लॅपटॉप उचलला, दोन्ही हातांनी, आणि आत नेला. आणि खरंच, चार-सहा दिवसांनी मी विचारलं तर म्हणाली, "नाही गं, आता नॉर्मल वाटतं."

मशीन मात्र वाऱ्यासारखं चालायचं. चिऊने जीव तोडून काम केलं. मी भाजी निवडत तिच्या मागे बसायची आणि बघायची. त्या फिल्ममध्ये एक ठेंगणी बाई आहे. ती तलावाच्या कडेची दांडी काही केल्या सोडत नाही. शिकवणारी म्हणते सोडा, ती म्हणते सोडते, आणि दुसऱ्या हातानेही धरते. चिऊने ते तीनदा येऊ दिलं, लोक हसतील इतपत. आणि मग एकाएकी आवाज बंद, फक्त पाणी, आणि त्या बाईची बोटं एकेक करून सुटतात. माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. डोळे पुसावे लागले. नवऱ्याच्या दुकानातल्या एकाही चष्म्याने मला इतकं स्वच्छ काही दाखवलेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

सगळ्यात शेवटी तिने रंग बसवले. स्क्रीनवर पाणी निळंशार होतं म्हणून तिने ते थोडं उतरवलं, बायकांचे चेहरे निळसर दिसत होते म्हणून त्यांत ऊब घातली. आणि पाठवून दिली.

मोठ्या मॅडमचा फोन आला तेव्हा चिऊ दुकानात माझ्याजवळ उभी होती. तिने स्पीकर लावला.

"कापलंयस सुरेख," मॅडम म्हणाल्या. "त्या बाईचा हात सुटतो तिथे मी श्वास रोखून बसले होते. पण अगं, पाणी असं का? त्या काय चहात पोहतायत? आणि सगळ्या बायकांना कावीळ झालीय."

चिऊ आतल्या खोलीकडे, लॅपटॉपच्या दिशेने बघायला लागली.

"राग मानू नकोस," मॅडमचा आवाज जरा मऊ झाला, "पण मला माहीत असायला हवं. तुला रंग नीट दिसतात ना? इथे रंगाचं कामही तुझ्याचकडे येणार आहे. शुक्रवारपर्यंत पुन्हा पाठव. दुसऱ्या मुलाची फिल्म तुझ्याइतकी चांगली नाही. पण त्याचं पाणी पाण्यासारखं आहे."

फोन ठेवून चिऊ सरळ तपासणीच्या खोलीत गेली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली. "बाबा, माझे डोळे तपासा. माझ्या डोळ्यांत काहीतरी आहे."

ह्यांनी तपासले. अगदी निगुतीने, चौकट चढवून. तिने शेवटची ओळ वाचली, तिच्याखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव असतं तेही वाचलं. मग रंग ओळखता येतात का ते बघायचं, रंगीत ठिपक्यांतल्या आकड्यांचं पुस्तक काढलं. एकही चुकला नाही.

"ठणठणीत," हे म्हणाले. "दोष त्या बाईच्या स्क्रीनचा. पाठव तिला इकडे, नंबर काढून देतो."

"मग मला चुकीचं का दिसलं?"

"चुकीचं दिसलंच नाही. ती चुकीचं बघतेय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिऊ खुर्चीत बसून आपली बोटं दिव्यासमोर धरून निरखत होती. बापाचं चुकलं असेल हे तिच्या मनाला शिवतसुद्धा नव्हतं. आपल्या डोळ्यांवर संशय घ्यायला मात्र एक फोन पुरला. नोकरी काय, आज ना उद्या दुसरी मिळेल. पण आपल्याला दिसतं ते खरं की खोटं, हेच जिला कळेनासं झालं, ती उद्या कुठली फिल्म करणार आणि काय निवडणार? मला रडू येत होतं आणि ह्यांना त्या पुस्तकानेच एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

त्या संध्याकाळी ती आत नुसती बसून होती. ह्यांना पोरीचा उतरलेला चेहरा बघवेना. प्रेम आहेच हो त्यांचं, ते मी नाकारत नाही. फक्त त्या प्रेमाला नेहमी आपणच बरोबर असल्याचं सिद्ध करायचं असतं. हे आत गेले आणि म्हणाले, "लाव तुझी ती गोळ्यांची गेम. स्क्रीन कशी आहे ते मीच खेळून दाखवतो. सरक."

ज्याने गेमला जन्मभर नाकं मुरडली, तो माणूस राक्षसाच्या तोंडाच्या लॅपटॉपसमोर मांडी ठोकून बसला. चिऊच्या मैत्रिणी पलीकडून बोलत होत्या, आवाज खोलीभर. गेम सोपी होती. एक मोठं गोदाम, आपल्या गटाचे कपडे गडद निळे, शत्रूचे काळे. चिऊने कुठलं बटण कशाचं ते सांगितलं. हे एका बोटाने खेळायला लागले आणि पहिल्याच झटक्यात एकाला आडवा केला.

"बघ!" हे म्हणाले.

"चिऊ, काय करतेयस? ती मी होते!" एक मैत्रीण ओरडली.

ह्यांनी दुसरा आडवा केला. "अगं, आपल्यांनाच काय मारतेस! निळ्यांना मारू नकोस!" दुसरी किंचाळली.

"कुठले निळे?" हे स्क्रीनला नाक लावून म्हणाले. "सगळे काळेच तर आहेत."

मला आधी हसूच आलं. मग चिऊकडे पाहिलं आणि हसू थांबलं. ती गेमकडे बघत नव्हती. बापाच्या पायांकडे बघत होती. एका पायात काळा मोजा होता, एका पायात गडद निळा. महिनोन्‌महिने मी त्या मोज्यांवरून कटकट करत होते, जोड्या लावता येत नाहीत, लक्ष नसतं म्हणून. गेल्याच आठवड्यात शाळेतल्या एक बाई फ्रेम परत घेऊन आल्या होत्या, काळी मागितली होती, ह्यांनी निळीत काचा बसवून दिल्या म्हणून. ह्यांनी त्यांना ऐकवलं होतं, "उन्हात तशी दिसते." बाई निमूट गेल्या. एवढा आत्मविश्वास समोर असला की माणूस आपली फ्रेम घेऊन घरी जातो.

आणि ह्यांचे डोळे कोण तपासतं, म्हणाल? हेच. दर वर्षी, दुकान बंद झाल्यावर, त्या खुर्चीत बसून. तक्ता त्यांना उलटा, सुलटा आणि झोपेत पाठ आहे. दर वर्षी पहिल्या नंबराने पास होतात.

हे आपल्या गटाचा पार सफाया करून उठले आणि म्हणाले, "बघितलंस? स्क्रीन फर्स्ट क्लास आहे."

सकाळी हे पुढे दुकानात गेल्यावर चिऊने मला आत बोलावलं. सेटिंग उघडून ठेवलं होतं. "मूळ स्थितीत आणा" असं एक बटण होतं, आणि तिचा हात त्याच्यावर येऊन थांबला होता. हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं होतं ना. पण तिने दाबलं. ते निळं धुकं एका क्षणात उतरलं.

"आई, हे पांढरं पांढरं आहे ना?"

मला पटकन हो म्हणायचं होतं. पण मी म्हटलं, "तुला काय दिसतंय?"

ती बराच वेळ बघत राहिली. "पांढरं."

"मग पांढरंच आहे."

मग तिने तिची फिल्म लावली आणि तिच्या तोंडून "ई" निघालं. खरोखर चहात पोहत होत्या बायका. ती दिवसभर उठली नाही. जेवण मी तिथेच नेऊन दिलं. या वेळी ती मध्येमध्ये मला काही विचारत नव्हती, बापाला तर नाहीच. गुरुवारी फिल्म गेली.

शनिवारी दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं. हे हात पुसत आत आले, तर चिऊने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला होता. स्क्रीनवर तलावाचं तेच दृश्य दोनदा, शेजारी शेजारी. उजवीकडचं पाणी पाण्यासारखं होतं. डावीकडचं पाणी म्हणजे शाईची दौत सांडली होती.

"बाबा, यातलं खरं पाणी कुठलं?"

हे वाकले. एक डोळा झाकला, मग दुसरा. "हे," त्यांनी डावीकडे बोट ठेवलं. "यात जीव आहे. ते दुसरं राखाडी आहे. हेच पाठव."

"मी दुसरं पाठवलं, बाबा. मॅडमचा सकाळी फोन आला. पहिल्या तारखेपासून या म्हणाल्या."

ह्यांचा चेहरा आधी फुलला. पोरीच्या पाठीवर थाप मारायला हात उचललासुद्धा. मग हात तसाच राहिला.

"पाठवलंस? मग मला विचारलंस कशाला?"

"फिल्मसाठी नाही विचारलं," चिऊ म्हणाली. "तुमच्यासाठी विचारलं."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" हे एकदम भडकले. "मला दिसत नाही? मला? सकाळपासून अकरा लोकांचे नंबर काढलेत मी!"

"पायात बघा, बाबा."

ह्यांनी खाली पाहिलं. "काय बघू? काळे मोजे आहेत."

"एकच काळा आहे," मी म्हटलं. आयुष्यात प्रथमच त्यांना चिडवायला माझी जीभ वळत नव्हती.

हे खुर्चीत बसले. एक पाय वर घेतला, मोजा डोळ्यांजवळ नेला, मग दुसरा. पुन्हा पहिला. बराच वेळ तेच चाललं होतं. चिऊ पुढे होऊन काही बोलणार होती, मी तिला नजरेनेच थांबवलं.

"मोतीबिंदू," शेवटी हे स्वतःच म्हणाले, कोणा तिऱ्हाइताची चिठ्ठी वाचावी तसे. "डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, आणि निळं मरतं. दोन्हीकडे सारखाच वाढला असणार. म्हणून फरक कळला नाही." मग एकदम पडद्याकडे, दुकानाच्या बाजूला बघून म्हणाले, "आणि मग इतके दिवस मी लोकांना काय सांगत बसलो होतो?"

"नंबर तर ते स्वतःच सांगतात, बाबा. त्यांना जे बरं दिसतं तेच तुम्ही देता. त्यात काही चुकलेलं नाही."

"चुकलं ते तुझ्याच बाबतीत," हे म्हणाले. "तुझं पाणी घालवत होतो मी."

चिऊ रडायला लागली आणि त्यांच्या गुडघ्याशी जाऊन बसली. मला वाटलं होतं आता हे काहीतरी मोठं बोलतील, डॉक्टरांच्या आवाजात. पण ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. चिऊ तोंड धुवायला उठली, मी ताट वाढायला वळले. म्हटलं, सोमवारी हॉस्पिटलात जाऊन येऊ, दुकान एक दिवस बंद राहिलं तर गाव काही आंधळं होत नाही.

अर्ध्या गावाला ह्यांनीच मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धाडलं आहे. आजीबाई असोत नाहीतर पैलवान, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, अहो काही नाही, कळतसुद्धा नाही, पापणी मिटल्यासारखं. लोक त्यांच्या शब्दावर निर्धास्त जातात. तोच माणूस आता माझ्या पदराचं टोक धरून, चिऊला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारत होता, "दुखतं का गं?"

"तुम्हीच तर सांगता सगळ्यांना. कळतसुद्धा नाही म्हणून."

"मी काय सांगतो ते मला माहीत आहे," हे म्हणाले. "खरं काय ते विचारतोय."